वाकडी कलिंगडं

त्या फेब्रुवारीत नवशीच्या शेतात सत्तावीस माणसं झोपायला येत होती, आणि त्यांतलं एकही धड झोपत नव्हतं.

दिवाळीनंतर जमीन जी हलायला लागली ती थांबायचं नावच घेईना. धुंदलवाडीपासून तलासरीपर्यंत सगळ्या पाड्यांची तीच तऱ्हा. सुरुवातीला मांडणीवरची भांडी वाजली की बायका हसायच्या, म्हणायच्या, पाहुणा आला वाटतं. मग पाहुणा रोज यायला लागला. दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीची पहिली तारीख उजाडली आणि भरदुपारी असा धक्का बसला, की नवशीच्या घराची मागची भिंत कोपऱ्यात बोटभर फाटली. गंमत अशी, की ज्यांनी हौसेनं विटांची घरं बांधली त्यांच्याच भिंतींना भेगा. शेजारची म्हातारी भिकी कुडाच्या घरात राहायची. तिचं घर नुसतं डुललं आणि पुन्हा उभं राहिलं. तरी त्या दिवसापासून तीही गोधडी घेऊन नवशीच्या शेतात हजर. "एकटीला भीती नाय वाटत," म्हणायची, "एकटीला करमत नाय."

नवशीचंच शेत का, तर ते सपाट होतं, वर झाड नव्हतं, आणि पंपाच्या खोपटावर विजेचा एक दिवा होता. बाकीच्यांची शेतं उतारावर, दगडगोट्यांची. एक एकरात नवशीनं कलिंगडं लावली होती आणि वरच्या अंगाला गादीवाफे न केलेली एक पट्टी मोकळी राहिली होती. तिथं ताडपत्र्या पडल्या, गोधड्या पडल्या, पाळणे टांगायला बांबू रोवले गेले. दिवस मावळायच्या आत सगळी यायची आणि उजाडलं की जांभया देत आपापल्या घरी चहाला जायची.

ही कलिंगडं म्हणजे नवशीचा हट्ट होता. तिचा नवरा धाकल्या बारा वर्षं धाकट्या डहाणूला बोटीवर खलाशी म्हणून जात होता. पावसाळा संपला की जायचा, तो पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर यायचा, अंगाला मासळीचा वास आणि गुडघ्यात कळ घेऊन. बारा वर्षांत नवशीनं नवऱ्याला भर उन्हाळ्यात घरी बघितलं नव्हतं. या वर्षी तिनं त्याला अडवलं. कलिंगड करू, म्हणाली, भाजीही करू, पण तू घरी राहा. बोटीचा मालक महादेवशेठ दर आठ दिवसांनी फोन करायचा, "येतोस ना रे?" धाकल्या सांगायचा, कलिंगडं निघू दे, मग बघतो. म्हणजे कलिंगडं चांगली निघाली तर माणूस घरी, नाहीतर एप्रिल-मे बोटीवर. पुढचं साल तर विचारायलाच नको. एकदा गेलेला माणूस परत दर सालचा झाला असता.

आणि आता कलिंगडं धरत नव्हती.

नवशी सकाळी साडेआठला वेलांत वाकून उभी होती. वेल छान पसरले होते, पिवळी फुलंही फुलली होती. कलिंगडाच्या वेलाला फुलं दोन जातींची. नर फुलाला नुसता देठ असतो, आणि मादी फुलाच्या मागं वालाच्या दाण्याएवढं केसाळ कलिंगड आधीपासूनच असतं. माशी नरावरून मादीवर गेली तर तो दाणा फुगतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. नवशीनं एकामागून एक वेल उचलून पाहिला. दाणे पिवळे, दाणे काळे, दाणे वाफ्यावर पडलेले. तिनं कान दिला. या वेळेला या शेतात कशी गुणगुण असायची! ओढ्याकाठच्या करंजावर मोठं पोळं होतं, तिथून माशा यायच्या. आज शेत गप्प होतं. लांबून भिकीचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं.

एका पानाखाली तिला माशी सापडली. मग दुसरी. पानं उलटत गेली तशा सापडतच गेल्या, पाय पोटाशी घेतलेल्या, वाळलेल्या.

नवशी तिथंच वाफ्याच्या कडेला बसली. हे कोणी केलं ते तिला विचारायची गरज नव्हती.

पाच दिवसांपूर्वीची गोष्ट. किडीनं वेलांचे शेंडे आकसायला लागले होते, फवारणी करणं भाग होतं. फवारायचं ते दिवस मावळताना, हे पोरासोरांनाही माहीत. तोवर फूल मिटतं आणि माशी घरी जाते. पण दिवस मावळताना तर माणसं यायची, आणि बायकांच्या कडेला तान्ही लेकरं. शितलचं लेकरू तर दीड महिन्याचं. औषधाचा तो वास आणि वीस हातांवर दीड महिन्याचं पोर! धाकल्या पंप भरत होता तेव्हा नवशीच म्हणाली होती, "आता नको मारू. उद्या सकाळी मार."

"सकाळी माशी असते," धाकल्या म्हणाला होता.

"एक दिवस माशीनं उपास केला तर मरते का?"

तीन महिने झोप नसलेल्या बाईचं ते बोलणं. अक्कल त्या वेळी जागेवर नव्हती. धाकल्यानं खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता, फुलं नुकती उघडली असताना, साऱ्या एकरावर औषध मारलं.

आता तो तिच्यामागं येऊन उभा राहिला. तिनं तळहातावरच्या माशा दाखवल्या. त्यानं पाहिल्या. तो काही बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त कानातली अर्धी विडी काढली, पेटवली नाही, परत कानात ठेवली.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू? महादेवशेठला फोन लावू?"

"खबरदार."

मार्ग काढला तो भिकीच्या वेगळ्या घरात राहणाऱ्या सुनेनं, संगितानं. संगिता लग्नाआधी चार वर्षं गुजरातेत कपाशीच्या बियाण्याच्या शेतात कामाला होती. तिथं सगळं हातानंच करायचं. संध्याकाळी कामावरून परतल्यावर ती वेलांत आली, गळलेले दाणे पायानं उलटवून बघितले आणि म्हणाली, "काकी, माशी नाय तर माणूस. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं वळवायच्या, आणि मादीच्या आत फिरवायचं. आत तीन फाकी असतात बघा, तिन्हीला पिवळं लागलं पायजे. एक नर तीन माद्यांना पुरतो."

"माणसांत पण असंच म्हणतात काही जण," नवशी म्हणाली. दोघी हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसणं.

"पण माशा मेल्या कशानं?" संगितानं विचारलं.

"थंडीनं असेल," नवशी म्हणाली आणि दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघी लागल्या. सूर्य वर आला की फूल उघडतं, आणि दहा-अकराला मिटायला लागतं. म्हणजे हातात तीन तास. त्यातही संगिताला साडेआठला चिकूच्या वाडीवर नेणारा टेम्पो गाठायचा असायचा. पाड्यावरच्या निम्म्या बायका त्याच टेम्पोनं जायच्या. धाकल्यानंही हात लावून बघितला. पण बोटीच्या दोरखंडांनी त्याची बोटं अशी झाली होती की फूल धरलं की फुलाचा चुरा. त्याला नवशीनं पाणी सोडायला पाठवलं. चार दिवस वाकून वाकून नवशीच्या कमरेचा दगड झाला, आणि एकराचा चौथा हिस्साही पुरा झाला नाही. वेल काही थांबून राहत नाहीत. मादी फुलं यायची ती पंधरा-वीस दिवसच चांगली यायची. पुढं येतील त्यांची फळं उन्हानं करपायची.

"बाकीच्यांना सांगा की," संगिता म्हणाली. "इथंच तर झोपतात."

"म्हणूनच नाय सांगत," नवशी म्हणाली. "झोपायला जागा दिली आणि सकाळी भाडं मागितलं, असं नको."

पण भिकीची नजर मोतीबिंदूनं गेली असली तरी नाक शाबूत होतं. पाचव्या दिवशी ती काठी टेकत खोपटापाशी आली. धाकल्या तिथं पंप धूत होता.

"थंडीनं माशी मरते होय रे धाकल्या? मग मी कशी जिवंत?"

धाकल्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा एकुलता एक दोष. तो वैतागलेलाही होता. "तुमच्या पोरांना वास नको म्हणून हिनं सकाळी मारायला लावलं," तो म्हणून गेला. "झालं? आता सगळ्यांना सांग."

भिकीनं सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत नवशीनं पंपावरचा दिवा लावला आणि पट्टीकडं बघत बसली. कोणी आलं नाही. पाळण्यांचे बांबू तेवढे उभे होते. तिला आधी वाटलं, उशीर झाला असेल. मग रस्त्यानं जाणाऱ्या काकड्या नावाच्या शेजाऱ्यानं सांगितलं, की दोघं-तिघं सडकेच्या कडेला झोपणार आहेत, बाकीचे आपापल्या घरी. शितलही घरी गेली. भेग पडलेल्या भिंतीच्या घरात, दीड महिन्याचं लेकरू घेऊन.

"बरं झालं," धाकल्या म्हणाला. "आता संध्याकाळी फवारता येईल."

नवशीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो उठून गुरांना चारा घालायला गेला. गुरांना चारा आधीच घातलेला होता.

सकाळी फुलं उघडायच्या आधीच नवशी भिकीच्या दारात गेली. भिकी चुलीपुढं बसून नाचणीची भाकर थापत होती. दोघींचेही डोळे लाल होते.

"काकी, हे काय चालवलंय?"

"काय चालवलंय?"

"शेतात का नाय आलात?"

"आलो म्हणून तर तुझं पीक गेलं." भिकीनं भाकर तव्यावर टाकली. "आणखी काय घालवायचं ठेवलंस?"

"पीक मी घालवलं. माझ्या तोंडानं. तुम्ही सांगितलं होतं का सकाळी मार म्हणून?"

"नाय सांगितलं. पण तू सांगायचं होतंस ना आम्हाला! एक दिवस सडकेला झोपलो असतो. आम्ही काय बोर्डीच्या बंगल्यातल्या बाया? औषधाच्या वासानं मरतो काय? वाड्यांमधी तेच तर हुंगत असतो दिवसभर."

"तुम्ही हुंगता. शितलचं पोर?"

 भाकर एका बाजूनं करपली, भिकीनं ती उलटली, मग नवशीपुढं सरकवली. नवशीनं तुकडा मोडला. चावता चावताच तिला रडू आलं. रडू तरी कसलं, झोपेचं पाणी.

"आता तुम्ही घरात झोपलात म्हणून माशी परत येणारे का?" ती म्हणाली. "पीक तर गेलंच. वर कुणाच्या अंगावर भिंत पडली तर ती पण माझ्याच नावावर लिहायची का?"

"तुला आमचं झोपणं पायजे, हात नको," भिकी म्हणाली. "असं नाय चालत, नवशे. झोपू, तर सकाळी फुलं पण करू. नाय तर तू तुझी फुलं कर, आम्ही आमच्या भिंतीखाली बरे."

"तुम्हाला टेम्पो असतो."

"टेम्पो मला नसतो. मी कुठं जाते? आणि बाकीच्यांना पाऊण तास होतो की. नायतरी तुझ्या शेतात पाचाला जाग्याच असतात सगळ्या, नशिबाला शिव्या देत. त्यापेक्षा फुलांना देतील."

 करपलेली भाकर नवशीनं पुरी खाल्ली.

मग सकाळ झाली की नवशीच्या शेतात बारा-तेरा बायका वाकायच्या. दर बाईला दोन वाफे. संगिता बांधावरून ओरडायची, "तिन्ही फाकींना लावा! घाईनं नुसतं पुसू नका!" शितलचं लेकरू पट्टीवर पाळण्यात, आणि शितल सर्वांत भराभर, कारण ते कधी रडेल याचा नेम नव्हता. कोणाच्या डोळ्यांत झोप, कोणाच्या पाठीत कळ. एक दिवस पुतळी नावाची बाई वाफ्यात बसल्या बसल्या झोपली, हातात फूल तसंच. तिला कोणी उठवलं नाही. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा ती दचकून उठली आणि भूकंप झाला म्हणून सडकेकडं पळाली. टेम्पो तिथंच होता, त्यामुळे पळणं वाया गेलं नाही.

भिकीची तऱ्हा वेगळीच. तिला नर-मादी दिसत नव्हते. ती बोटानं चाचपून दाणा शोधायची, आणि तोंडानं चालू, "ही बाई. हा बाप्या. हा पण बाप्या. या रांगेत लग्नंच व्हायची नाहीत." दोन वेळा तिनं नरावर नर घासला आणि संगिता ओरडल्यावर म्हणाली, "राहू दे, त्यांची पण हौस."

धाकल्यानं फवाऱ्याचा पंप खोपटाच्या आढ्याला उलटा टांगून ठेवला. शेंडे आकसले ते आकसले. चुलीतली राख चाळून तो सकाळी दवावर मारायचा, तेवढंच.

दहा-बारा दिवसांनी दाणे फुगायला लागले. सगळे नाही. कुठं एका वेलावर दोन, कुठं शून्य. करंजावर थोड्या माशाही परत दिसायला लागल्या, पण तोवर मादी फुलांचा भर ओसरला होता. नवशीनं मनाशी आकडा धरला नाही. ती फक्त फिरायची आणि फळांच्या खाली पेंढा सारायची.

मग आठवड्याभरात कळलं की फळं वाकडी येतायत.

ज्या फाकीला पिवळं लागलं तिकडून फळ फुगलं, जिकडं लागलं नाही तिकडून बसलं. काही फळं नारळासारखी एका टोकाला निमुळती, काही मधेच कंबर आवळलेली, काहींना एका गालावर सूज. आणि गंमत म्हणजे दर वाफ्याचा तोंडवळा वेगळा. शितलचे वाफे घाईचे, त्यांतली फळं लहान पण सरळ. पुतळीच्या वाफ्यात निम्मं फळ फुगलेलं, निम्मं झोपलेलं. संगिताची गोल गरगरीत. भिकीच्या वाफ्यात सर्वांत थोडी फळं, आणि एकही दुसऱ्यासारखं नाही.

होळी झाली. मार्चच्या शेवटी उंबरगावहून पीयूषभाई टेम्पो घेऊन आला. दर उन्हाळ्यात तो या भागातली कलिंगडं उचलायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं गिऱ्हाईक शहरातलं होतं. तो वाफ्यावाफ्यानं फिरला, फळांवर टिचक्या मारल्या, आणि मग भिकीच्या वाफ्यापाशी थांबला.

"अरे नवशीबेन, आ शूं छे? ही कलिंगडं आहेत की बटाटे?"

"कापून बघा, भाई."

त्यानं एक कापलं. आत लाल होतं, गोड होतं. एका कडेला पांढरट, बी न धरलेलं. त्यानं खाल्लं आणि हात झटकले. "चव सारी छे, चांगली आहे. पण मी चव विकत नाही बेन, मी आकार विकतो. रचायला लागतात ना एकावर एक. ही रचू कशी?"

टेम्पो अर्धाच भरला. सरळ, गोल तेवढी गेली. पीयूषभाई जाता जाता म्हणाला, पुढल्या साली माशीच्या पेट्या भाड्यानं ठेवा, आणि शेतात माणसं नका ठेवू. नवशी म्हणाली, पेट्यांचं बघते.

टेम्पो गेल्यावर वाफ्यांवर वाकड्यांचा ढीग उरला. धाकल्या त्याच्याकडं बघत उभा राहिला. नवशीनं त्याच्याकडं बघितलं नाही. अर्धं पीक म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. अर्धं पीक म्हणजे अर्धा माणूस घरी, आणि अर्धा माणूस बोटीवर काही कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी नवशीनं सायकल दुरुस्त करणाऱ्याची हातगाडी मागून आणली आणि वाकडी कलिंगडं हायवेला नेली. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर गाड्यांना काय तोटा? कडेच्या बाभळीखाली ताडपत्री अंथरली. तो रविवार होता, वाडीला सुट्टी, म्हणून संगिता आली. भिकीला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणच आली आणि पोत्यावर बसली. धाकल्या गाडी ढकलून ढकलून घामानं निथळत होता. त्याचा गुडघा दुखत होता हे नवशीला दिसत होतं, पण तो बोलत नव्हता.

पहिला तास कोणी थांबलं नाही. मग संगितानं एक फळ फोडून लाल बाजू सडकेकडं करून ठेवली, आणि एक पांढरी गाडी थांबली. आतून शहरातली बाई उतरली, डोळ्यांवर काळा चष्मा. तिनं एक फळ हातात घेऊन फिरवलं.

"अहो, ही अशी वाकडी का आहेत?"

नवशीनं तोंड उघडलं. औषध, माशी, सकाळ, भिंती, कुठून सांगायचं?

"झोप झाली नाय त्यांची," भिकी पोत्यावरून म्हणाली.

बाई हसली. चष्मा डोक्यावर सारून तिनं फोडलेल्या फळाचा तुकडा खाल्ला, आणि चार घेतली. तिच्या मागच्या गाडीवाल्यानं, गर्दी बघून, सहा घेतली. दुपारपर्यंत हातगाडीतला निम्मा माल गेला. वाकडेपणाबद्दल जो विचारेल त्याला भिकी प्रत्येक वेळी तेच सांगत होती आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत होती.

तीनच्या सुमाराला धाकल्याचा फोन वाजला. त्यानं पडद्यावर बघितलं आणि तो वाजतच ठेवला. नवशीनं हात पुढं केला. त्यानं फोन दिला.

"हां, महादेवशेठ," ती म्हणाली. "मी नवशी. हो, निघाली कलिंगडं. अर्धी गेली... नाय, अर्धी राहिलीत ना, तीच तर भानगड. ती सडकेला विकायचीत. मला एकटीला गाडी ढकलवत नाय." तिनं धाकल्याकडं बघितलं. तो कलिंगडावरची धूळ पुसत होता, एकच फळ, पुन्हा पुन्हा. "नाय, पुढल्या महिन्यात पण नाय. त्यानंतर काकडी आहे. माणूस बघा दुसरा. हो. बरं. वहिनीला सांगा विचारलं म्हणून."

तिनं फोन परत दिला. धाकल्यानं तो खिशात ठेवला, कानातली विडी काढली आणि या वेळी पेटवली.

"काकडी कधी ठरली?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

"बी कुठंय?"

"आणायचंय," नवशी म्हणाली. "आधी ती खालची दहा इकडं सावलीत आण. तापली तर फुटतील."

तो उठला. भिकी पोत्यावर मान टाकून झोपली होती, तोंड उघडं. नवशीनं पदरानं तिच्या तोंडावरची माशी हाकलली, आणि एक ट्रक हळू होतोय असं वाटून उठून उभी राहिली.